आजोबांची दुनळी ठेवू का पंप घेऊ? शेतावरच्या घरासाठी 12 बोर निवडताना

भाऊ, आधी तुमचा प्रश्न परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. शिरूरच्या बाजूला शेतावर वस्ती, गाव अडीच किलोमीटर लांब, घरात आई-वडील, बायको आणि दोन पोरं, मोठं नऊ वर्षांचं. मागच्या वर्षी शेजारच्या वस्तीवर चोरटे घुसून म्हाताऱ्या माणसांना मारहाण झाली, शिवाय उसात बिबट्या आहेच. वडील 72 वर्षांचे, त्यांच्या लायसनवर आजोबांच्या वेळची घोड्याची दुनळी आहे (दोन नळ्यांची 12 बोर छर्ऱ्याची बंदूक, चाप ओढल्यावर आपटणारे घोडे बाहेर दिसतात ती) आणि आता लायसन तुमच्या नावावर करायचं चाललंय. तर तीच ठेवायची की विकून पंप ॲक्शन (पुढची मूठ मागं-पुढं ओढून भरायची एकनळी) घ्यायची, नळी केवढी घ्यायची आणि काडतूस कुठलं वापरायचं.

मी बंदूक रिपेअरिंगच्या धंद्यात तीस वर्षं झाली, आधी वडिलांचं दुकान होतं, मग माझं. बंदुका विकत मी नाही, त्यामुळे मला तुमच्या गळ्यात काही मारायचं नाहीये. पण दुकानात येणारा दहातला नऊ जण जे विचारतो तेच तुम्हीपण विचारलंय, म्हणजे "जोरदार कुठली?" आणि माझं म्हणणं आहे की घरासाठी बंदूक बघताना हा प्रश्नच उलटा धरला पाहिजे. चोर आला तर तो दहा मिनिटं येणार, तेही देव न करो पण आयुष्यात एखादवेळी. बंदूक मात्र घरात वर्षाचे 365 दिवस असते, पोरं शाळेतून येतात तेव्हा असते, तुम्ही परगावी लग्नाला गेलात तरी असते, कोणी पिऊन आलं तरी असते. म्हणून ती उडते कशी यापेक्षा ती बसून असताना कशी वागते हे आधी बघायचं.

याच कारणाने मी घरासाठी दुनळीच सांगतो. दुनळी मोडली (म्हणजे खटका दाबून नळ्या खाली पाडल्या) की आत काय आहे ते आंधळा सोडून कोणालाही दिसतं. दोन्ही नळ्यांतून उजेड आला तर रिकामी, पितळ दिसलं तर भरलेली, संपलं. वहिनींना, तुमच्या आईला, कोणालाही हे दोन मिनिटांत शिकवता येतं. पंपाचं तसं नाही. पंपात काडतुसं नळीखालच्या मॅगझिनच्या पाइपात बसतात आणि एक चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, बार उडायच्या जागी) असतं किंवा नसतं, ते बाहेरून कळत नाही. मॅगझिन रिकामं केलं म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि चेंबरमधलं तसंच राहतं. दुसरं म्हणजे घाबरलेला माणूस पंप अर्धाच ओढतो, मग उडालेल्या काडतुसाचं रिकामं खोकं अडकतं किंवा नवीन काडतूस तिरकं बसतं, आणि त्या वेळी ते सोडवायला हात स्थिर नसतात. जो महिन्यातून दोनदा रेंजवर जातो त्याच्यासाठी पंप उत्तम हत्यार आहे, चार-पाच बार मिळतात, एकच चाप, एकच नळी, नेम सरळ. पण तुम्ही शेतकरी माणूस, वर्षातून एकदा दसऱ्याला बंदूक बाहेर काढून पुसणार. खरं सांगा, बरोबर आहे ना?

नळीच्या लांबीबद्दल लोक इंग्रजी व्हिडिओ बघून येतात आणि म्हणतात 18 इंची पाहिजे, घरात वळायला सोपी. आपल्याकडे ते विसरा. आर्म्स ॲक्ट 1959 मधे स्वसंरक्षणासाठी जी गुळगुळीत नळीची बंदूक सांगितलीय ती कमीत कमी 20 इंच नळीची, त्याच्या खाली गेली की ती वेगळ्याच गटात जाते आणि तो गट तुमच्या-माझ्यासाठी नाही. आणि असलेली नळी कापून आखूड करायला कलम 6 खाली वेगळा परवाना लागतो. दरवर्षी एकतरी गिऱ्हाईक हळूच विचारतं की मिस्त्री, सहा इंच उडवून द्या ना. मी त्यांना चहा पाजतो आणि घरी पाठवतो. जुन्या दुनळीच्या नळ्या बहुतेक 28 किंवा 30 इंच असतात, क्वचित 32. त्यातली 28 वाली मिळाली तर बरी, पण तेवढ्यासाठी आजोबांची 30 विकायची गरज नाही. बंदूक घेऊन घरात खोल्या-खोल्यांतून फिरायचंच नाहीये, ते खाली सांगतो.

आता आजोबांची बंदूक. ठेवायची की नाही हे माझ्यासारख्या माणसाने हातात घेतल्याशिवाय सांगणं खोटं आहे, पण घरच्या घरी तुम्ही (म्हणजे आत्ता तरी वडिलांनी, कारण लायसन त्यांचं आहे) चार गोष्टी बघू शकता.

पहिली, नळीवर लाकडाच्या रेषांसारखी किंवा पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते का. दिसली तर ती दमास्कस नळी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडून केलेली, काळ्या दारूच्या जमान्यातली. दिसायला फार देखणी असते, पण आजच्या काडतुसाला ती लावायची नाही. भिंतीवर राहू दे. काही लोक म्हणतात आमच्या आजोबांनी हजार बार काढले काही झालं नाही, अहो आजोबांचं काडतूस वेगळं होतं आणि तेव्हा त्या जोडात शंभर वर्षांचा गंज शिरलेला नव्हता.

दुसरी, चेंबर किती लांब आहे. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणाला माहीत नसतं. जुन्या इंग्रजी बंदुकांचं चेंबर बहुतेक वेळा 65 मिलिमीटर असतं, म्हणजे अडीच इंच. आजचं बरंचसं काडतूस 70 चं. आता गंमत बघा, काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार उडून तोंड उघडल्यानंतरची असते, उडायच्या आधी तोंड दुमडलेलं असल्यामुळे ते आखूड असतं. म्हणून 70 चं काडतूस 65 च्या चेंबरमधे आरामात बसतं, बंदूक बंद होते, तुम्हाला वाटतं झालं काम. आणि उडताना तोंड उघडायला जागा मिळत नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, छर्ऱ्यांची वाट अरुंद होते आणि दाब चढतो. एका बारात नळी फुटेल असं नाही म्हणत मी, पण बिजागरी ढिली होणं, दस्त्याला (खांद्याला लावायच्या लाकडाला) चीर जाणं हे माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या दुनळ्यांचं दुखणं इथूनच सुरू झालेलं असतं. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे (नळी दाबाला टिकते का ते तपासणाऱ्या संस्थेचे) शिक्के असतील तर त्यात बऱ्याचदा चेंबरची लांबी लिहिलेली सापडते. नसेल तर मिस्त्री गेज घालून दोन मिनिटांत सांगतो.

तिसरी, पुढचं लाकूड काढा, बंदूक बंद करा, दस्ता काखेत धरून नळ्या डावीकडे-उजवीकडे हलवा. कटकट जाणवली तर ढिली आहे. नळी आणि मागच्या पाटाच्या मधे उजेड दिसला, एखादा कागद शिरला, तर बार काढायचा नाही. नळ्या वेगळ्या करून हुकाला दोरीने टांगा आणि लाकडाच्या काठीने हलकं ठोका, देवळातल्या घंटेसारखी वाजली तर दोन नळ्यांमधलं डाग काम शाबूत आहे, फुटक्या मडक्यासारखी वाजली तर पट्टी सुटलीय.

चौथी गोष्ट घोडे. घोड्याच्या बंदुकीत एक बरं असतं, घोडा चढलाय की नाही ते उघड्या डोळ्याला दिसतं. पण चढवलेला घोडा अंगठ्याने हळूच उतरवताना हात सटकला की बार होतो, थंडीत, घामात, म्हातारपणी हे होतंच. बिनघोड्याच्या दुनळीत वरचा सेफ्टीचा खटका बंदूक मोडली की आपोआप मागं येतो बहुतेकांत, तेवढा फायदा. पण त्या सेफ्टीवर विश्वास ठेवू नका, साध्या बनावटीत ती फक्त चाप अडवते, आतला घोडा नाही. झिजलेल्या बंदुकीला दणका बसला, हातातून पडली, तर सेफ्टी लावलेली असूनही उडू शकते.

हे सगळं ठीक निघालं तर आजोबांचीच ठेवा, उगाच पैसे घालवू नका. आयात 1980 च्या दशकातच बंद झाल्यामुळे चांगली इंग्लिश दुनळी आता मिळते ती जुनीच, आणि भाव ऐकून तुम्ही बसाल खाली. नवीनच घ्यायची वेळ आली तर देशी दुनळी बघताना नावापेक्षा वरच्या हलवून बघायच्या, ठोकून बघायच्या परीक्षा करा. एकाच कारखान्याच्या दोन बंदुका शेजारी ठेवल्या तर एक सुतासारखी सरळ आणि दुसरी बैलगाडी, असं मी बघितलंय. दस्ता तुमच्या अंगाला बसतो का हे नक्की बघा. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, मग डोळे उघडा, पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी) समोर दिसली तर बसली. मान वाकडी करायला लागली तर दस्ता तुमच्या अंगाचा नाही, ते सुतारकाम आहे, होतं.

काडतूस. एलजी, एसजी, एएए, बीबी अशी नावं, एलजी सगळ्यात जाड आणि पुढं बारीक होत जातात. एसजीचा एकेक छर्रा 8.4 मिलिमीटरचा, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, अमेरिकन लोक ज्याला डबल-ऑट बकशॉट म्हणतात त्याच्या जवळचा. दुकानदार घरासाठी म्हटलं की डोळे झाकून एलजी-एसजी हातात देतो. मी विचारतो घर कसलं आहे? कारण लोकांची एक समजूत पक्की आहे की छर्रा म्हणजे खोलीभर पसरतो, नेम धरावा लागत नाही. साफ चूक. पाच मीटरवर, म्हणजे तुमच्या ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळे छर्रे मिळून मुठीएवढं भोक पडतं. चुकला तर पूर्ण चुकतो, आणि चुकलेला एसजी पत्र्याच्या आडभिंतीतून, प्लायवूडच्या दारातून, कुडाच्या भिंतीतून पलीकडे जातो, तिकडं तुमची आई झोपलेली असते. विटांची जाड भिंत असेल तर गोष्ट वेगळी, पण शेतावरच्या घराला एक खोली पक्की आणि तीन बाजूंनी पत्रा हेच चित्र असतं. अशा घरात मी बीबी किंवा एएए सांगतो. जवळच्या अंतरावर तोही काही दया करत नाही आणि भिंतीपलीकडचा धोका कमी होतो, कमी म्हणतोय, शून्य नाही. खडकीच्या फॅक्टरीचं काडतूस आपल्याकडं सगळीकडं चालतं, ते ताजं घ्या, डब्यावरचं माप वाचा, आणि जुन्या कागदी खोक्याची काडतुसं कपाटात असतील तर वापरू नका, डीलरकडं विचारून लावा त्यांची वाट.

कागदी काडतुसावरून आठवलं. 2000 सालच्या आसपासची गोष्ट असेल, भोरकडचे एक काका दुनळी घेऊन आले, खटका लागत नाही म्हणून. म्हणाले रिकामी आहे, सहा वर्षं कोणी हात लावला नाही. बंदूक मोडायला जातो तर मोडेना. तेल घालून, हळूहळू उघडली तर डाव्या नळीत कागदी काडतूस, सहा पावसाळ्यात फुगून चेंबरला चिकटलेलं, आणि डावा घोडा अर्धवट चढलेला. ती बंदूक त्यांनी एसटीत माणसांच्या गर्दीत मांडीवर आडवी धरून आणली होती. माझ्या आयुष्यात "रिकामी आहे हो" म्हणून भरलेली बंदूक तीनदा आलीये, त्यातली ही पहिली. काकांना पाणी दिलं, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

ठेवायची कशी. कव्हरात गुंडाळून कपाटावर, गादीखाली, दाराच्या मागे खुंटीला, हे सगळं बंद. भिंतीला बोल्टने आवळलेलं लोखंडी कपाट, बंदूक त्यात रिकामी, आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. लायसन काढताना सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र तुम्ही लिहून देताच, ते फक्त कागद म्हणून देऊ नका. कापडी किंवा कातडी कव्हरात कायम ठेवली तर ओल धरते, पावसाळ्यात तर महिन्याभरात गंजाचे ठिपके. पातळ तेलाचा हात मारा, जास्त तेल ओतू नका, ते दस्त्यात उतरून लाकूड कुजवतं. आणि नऊ वर्षांच्या पोराला किल्ली कुठं असते ते माहीत नाही असं जर तुम्ही समजत असाल तर पोराला विचारून बघा.

एक अवघड गोष्ट बोलतो, राग मानू नका. घरात कोणी पिणारं असेल, कोणी कर्जापायी किंवा आजारपणाने खचलेलं असेल, किंवा बांधावरून भावकीशी वाद पेटलेला असेल, तर तेवढे महिने बंदूक घरात ठेवूच नका. डीलरकडं किंवा पोलिस ठाण्यात जमा करून पावती घेता येते, निवडणुकीला करतातच ना लोक जमा. माझ्याकडं रिपेअरला आलेल्या बंदुकांपैकी ज्यांनी माणूस मेला त्यातली चोरावर चाललेली एकही नव्हती. त्यातल्या दोन मला अजून आठवतात, त्यांचं पुढं काही लिहीत नाही.

लायसनचं थोडक्यात. आर्म्स रूल्स 2016 प्रमाणे वडिलांची सत्तरी झाली किंवा त्यांनी 25 वर्षं बंदूक बाळगली की त्यांच्या हयातीत वारसाच्या नावावर करता येते, तुमचं त्यात बसतं. मात्र तुमच्या नावाचं लायसन हातात येईपर्यंत तुम्ही ती वापरायची नाही. बंदूक घरची आहे हे कारण चालत नाही, लायसनवर नाव कोणाचं ते बघतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं आणि लायसनची मुदत पाच वर्षं. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं, ते नुसतं सही-शिक्क्यापुरतं न घेता जिल्ह्याच्या रायफल क्लबात खरोखर पंचवीस-तीस बार काढून घ्या. बंद खोलीत 12 बोरचा आवाज 150 डेसिबलच्या वर जातो, कान सुन्न होतात, अंधारात डोळ्यापुढं ज्वाळ दिसते. पहिला बार आयुष्यात घरातच काढायची वेळ आली तर दुसरा कुठं जाईल सांगता येत नाही.

आणि कायदा काय सांगतो ते वकिलाकडून नीट समजून घ्या, मी मिस्त्री आहे. पण मोटामोटी एवढं, की भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 हा स्वसंरक्षणाचा भाग आहे. रात्रीची घरफोडी, जबरी चोरी अशा वेळी कायदा बराच हक्क देतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा कोणालाच देत नाही. पळून चाललेल्याच्या पाठीत बार काढला आणि मग बचाव म्हणालात तर कोर्टात घाम फुटेल. हवेत बार काढून घाबरवू, असंही बरेच म्हणतात. निष्काळजीपणे किंवा लग्न-वरातीत बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हेही त्याच 2019 च्या दुरुस्तीत आलंय.

बिबट्यासाठी बंदूक हा विचार डोक्यातून काढा. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवावर आलं आणि त्यात मारला गेला तर कायद्यात सोय आहे, पण शेळी नेली म्हणून, गोठ्याजवळ दिसला म्हणून बार काढलात तर सरळ तुरुंग. आणि खरं म्हणजे तो येतो ते कळतच नाही, कपाटातली बंदूक निघेपर्यंत तो उसात. गोठ्याला वरून-बाजूने जाळी, अंगणात दिवा, आणि पोरांना संध्याकाळी एकटं बाहेर न सोडणं, हेच उपयोगाचं.

चोराचंही निम्मं काम तसंच होतं. रात्री कुत्रं भुंकलं की बंदूक घेऊन अंगणात जायचं नाही, हे मी मघाशी म्हणालो ते. सगळ्यांना आतल्या पक्क्या खोलीत घ्या, दाराला आडणा, 112 ला फोन, गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा चालू असेल तर तिथं फोन म्हणजे एका झटक्यात गावभर निरोप जातो. बंदूक त्या खोलीतल्या कपाटात पाहिजे, दाराकडं तोंड करून तुम्ही, आणि मोठ्याने ओरडून सांगा की आत बंदूक आहे. दार तोडून कोणी आत आलंच तर पुढचं पुढं. अशा वेळी 28 इंची आणि 20 इंची नळीत काही फरक पडत नाही, कारण तुम्ही जागेवर बसलेले असता.

तर आता वडिलांना घेऊन एखाद्या जुन्या लायसनधारक मिस्त्रीकडं बंदूक दाखवायला जा. लायसनची मूळ प्रत सोबत, काडतुसं घरीच ठेवा. चेंबर मोजून घ्या, नळ्या आतून दाखवायला सांगा, खड्डे किंवा गोल सावलीसारखी रिंग दिसली तर ती फुगलेली जागा असते, तिथं पैसे घालू नका. दुरुस्तीचा आकडा नव्या दुनळीच्या निम्म्यावर गेला तर मला परत विचारा, मग बघू. आणि घरातून निघायच्या आधी वडिलांना बंदूक मोडून दोन्ही नळ्यांतून उजेड बघायला सांगा.